जमिनीच्या पोटातील गारवा आणि ऊब

विहिरीवर आंघोळ करणाऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. पौषातल्या पहाटे शेंदलेले पाणी अंगावर घेतले की ते कोमट लागते. बादलीतून वाफही निघताना दिसते. वैशाखातल्या दुपारी त्याच विहिरीचे पाणी असे गार लागते की पहिल्या तांब्याला अंग शहारते. लहानपणी आम्हांस वाटे, विहिरीला ऋतू कळतात आणि माणसाच्या सोयीप्रमाणे ती पाणी बदलते. पुढे पदार्थविज्ञानाच्या तासाला थर्मामीटर हाती आला तेव्हा उलगडा झाला. पाणी फारसे बदलतच नाही. बदलते ती आपल्या अंगाभोवतालची हवा, आणि आपले अंग तुलनेने बोलते.

ही जुनी आठवण पुन्हा जागी झाली ती ग्वाल्हेरला. आमची एक आत्या तिथे लष्कर भागात राहते. दौलतराव शिंदे यांनी १८१० साली उज्जैनहून येऊन किल्ल्याच्या पायथ्याशी आपली छावणी टाकली. त्या छावणीचे, म्हणजे लष्कराचे, पुढे शहर झाले आणि नाव तेच राहिले. तिथल्या जुन्या गल्ल्यांत मराठी घरे अजून आहेत. एका मे महिन्यात दुपारच्या गाडीने मी उतरलो. हवा भट्टीतून यावी तशी अंगावर येत होती. घरी पोचताच आत्याने पाणी दिले आणि जिन्याखालच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "आधी तहखान्यात जाऊन बस. चारपर्यंत वर यायचं नाही. लू लागेल." दगडी पायऱ्या उतरून मी खाली गेलो. अंधार, थोडा ओलसर वास, एक जुनी बाज. पण पाच मिनिटांत घाम निवाला. पंखाही नव्हता.

तिथे पडल्या पडल्या मनात आले की विहिरीतले पाणी आणि हा तहखाना ही एकाच हिशेबाची दोन उदाहरणे आहेत. याच हिशेबावर आज परदेशात लाखो घरे उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार ठेवली जातात. तो हिशेब विद्यार्थी मित्रांपुढे मांडावा, आणि तो आपल्या देशात कितपत जुळतो हेही तपासावे, यासाठी हा लेख.

तळघराचे गणित

प्रथम एक गैरसमज दूर करू. जमिनीतली उष्णता म्हटले की आपणांस वज्रेश्वरीची किंवा उन्हवऱ्याची उन्हाळी कुंडे आठवतात. त्या ठिकाणी पाणी खडकांच्या भेगांतून फार खोल जाऊन, पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णतेने तापून वर येते. सर्वसाधारण जागी मात्र खोल जाताना तापमान दर किलोमीटरला सुमारे २५ ते ३० अंश एवढेच वाढते. म्हणजे दहा मीटरला जेमतेम पाव अंश. आपल्या पायाखालच्या पहिल्या काही मीटरांत जी उष्णता आहे ती जवळजवळ सगळी सूर्याने दिलेली आहे. जमीन ही तिची साठवण आहे.

ही साठवण कशी चालते? दुपारी जमिनीचा पृष्ठभाग तापतो, रात्री निवतो. ही तापण्या-निवण्याची लाट खाली सरकू लागते. पण माती आणि खडक उष्णतेचे मंद वाहक असल्याने ती वाटेतच विरते. मातीचे नेहमीचे गुणांक घेऊन हिशेब केला तर दिवस-रात्रीची लाट १४ सेंटीमीटर खोलीवर मूळच्या ३७ टक्के उरते आणि हातभर खोलीवर जवळजवळ नाहीशी होते. वर्षाची लाट, म्हणजे उन्हाळा-हिवाळ्याची, अधिक सावकाश चालते म्हणून अधिक खोल पोचते. किती खोल? हे अंतर कालावधीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. ३६५ चे वर्गमूळ सुमारे १९. तेव्हा १४ सेंटीमीटरला १९ ने गुणा. उत्तर येते सुमारे पावणेतीन मीटर. त्या खोलीवर ऋतूंचा चढउतार ३७ टक्के उरतो, चार मीटरवर सुमारे २२ टक्के, आणि आठ मीटरवर पाच टक्के.

आता ग्वाल्हेरचे आकडे घेऊ. जानेवारीचे सरासरी तापमान १५ अंश सें.च्या आसपास, मे-जूनचे ३५ च्या आसपास, वर्षाची सरासरी २६ च्या जवळपास. म्हणजे वर मध्यापासून दहा अंश इकडे आणि दहा अंश तिकडे असा झोका आहे. चार मीटर खाली तो जेमतेम दोन-सव्वादोन अंशांचा उरतो. वर दुपारी ४५ अंश असोत की हिवाळ्याच्या पहाटे ५ अंश, खाली २४ ते २८ च्या दरम्यानच सारा कारभार.

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. लाट केवळ विरत नाही, तिला उशीरही होतो. चार मीटर खोल पोचायला तिला सुमारे तीन महिने लागतात. जूनचा उन्हाळा तिथे सप्टेंबरात पोचतो आणि जानेवारीची थंडी एप्रिलात. म्हणजे मे महिन्यात आत्याच्या तहखान्याभोवतीची जमीन नुकतीच आपला हिवाळा संपवीत असते! वर लू वाहत असताना खाली मला जी निववीत होती, ती चार महिन्यांपूर्वीची थंडी होती.

ही गोष्ट लोकांना अनुभवाने फार पूर्वीपासून ठाऊक होती. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर राजा मानसिंह तोमर (राज्यकाल १४८६ ते १५१६) याने बांधलेल्या मानमंदिरात जमिनीच्या पातळीखाली दोन मजले आहेत. गोल दालने, दगडी खांब, आणि वरून हवा-उजेड आणणारे झरोके. उन्हाळ्यात राजकुटुंब तिथे राही असे सांगतात. १५२८ साली बाबराने हे महाल पाहिले, त्यांच्या कारागिरीचे कौतुक केले, पण ते त्याला अंधारे वाटले. पुढे मोगलांनी याच किल्ल्याचा बंदिवासासाठी उपयोग केला. औरंगजेबाचा भाऊ मुराद याला १६६१ साली इथेच देहान्त शासन झाले. गारव्यासाठी केलेल्या खोल्या अंधारकोठड्या म्हणूनही चालतात, हा तळघरांचा दोष बाबराच्या नजरेतून सुटला नव्हता.

आपल्या भागातले उदाहरण द्यायचे तर सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे. कृष्णाकाठच्या मातीत खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिके; २००५ च्या महापुराने त्यांतली पुष्कळशी निकामी केली. तिथे हवा कोंडलेली असणे हे मुख्य कारण खरे, पण न बदलणारे तापमान हेही त्याच्या जोडीला होते. पेवात उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहत, कारण आत प्राणवायू पुरेसा नसे. तळघराची दुसरी अडचण या कंदिलाने सांगितलीच आहे.

शास्त्राने या गोष्टीचे मोजमाप हाती घेतले ते अठराव्या शतकात. पॅरिसच्या वेधशाळेखाली सुमारे २८ मीटर खोल तळघरे आहेत. तिथे लाव्हाझिए याने ठेवलेला थर्मामीटर वर्षभर एकाच आकड्याजवळ, सुमारे १२ अंशांवर, राहतो असे आढळले. एडिंबरो येथे फोर्ब्ज याने १८३७ पासून निरनिराळ्या खोलींवर लांब दांड्यांचे थर्मामीटर पुरून नोंदी ठेवल्या. आपल्याकडे त्रिवेंद्रम वेधशाळेत जॉन कॅल्डेकॉट याने १८४२ ते १८४५ या काळात तसाच प्रयोग केला.

माणूस खाली नेण्याऐवजी

तळघर थंड असले तरी सगळा संसार काही तिथे मांडता येत नाही. उजेड नाही, हवा खेळत नाही, पावसाळ्यात भिंतींना ओल येते. आणि तीन मजली इमारतीत वरच्या बिऱ्हाडाने कुठे जावे? तेव्हा माणसाने खाली जाण्याऐवजी खालचा गारवा वर आणावा हे ओघानेच आले.

याचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे भुयारी नळ. तीन-चार मीटर खोल नळ पुरायचा, पंख्याने त्यातून हवा खेचायची आणि खोलीत सोडायची. दिल्लीजवळ ग्वाल पहाडी येथे टेरी या संस्थेच्या 'रिट्रीट' या प्रशिक्षण-निवासात चार मीटर खोलीवरच्या अशाच भुयारी नळांतून खोल्यांना हवा पुरविण्याची योजना केलेली आहे. अजमेरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सव्वातेवीस मीटरांहून किंचित लांब अशा एकाच नळीतून जाताना उन्हाळ्यातील हवा ८ ते १२.७ अंशांनी निवली. पंख्यापुरती वीज सोडली तर खर्च नाही.

मग एवढ्यावर का थांबू नये? कारण दोन आहेत. २६ अंशांच्या जमिनीतून आलेली हवा २६ च्या खाली जाऊच शकत नाही. व्यवहारात ती २९-३० पर्यंत निवते. मेच्या कोरड्या उन्हाळ्यात तेवढे पुष्कळ झाले. त्या दिवसांत तर वाळ्याचे ताटे किंवा पाण्याचा कूलरही उत्तम काम करतो. पण जुलै उजाडला की हवा दमट होते, कूलर निरुपयोगी ठरतो आणि भुयारी नळांत पाणी साचून कुबट वास येऊ लागतो. दमट हवेतील बाष्प काढून टाकायचे तर १०-१२ अंशांचा थंड पृष्ठभाग हवा. तो नुसती जमीन देऊ शकत नाही. इथे यंत्र लागते.

उष्णता शेंदण्याचे यंत्र

उष्णता आपण होऊन उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, पाणी जसे उताराकडे. पाणी वर न्यायचे तर पोहरा आणि रहाट हवा, श्रम हवेत. तसेच उष्णता थंड जागेतून उष्ण जागेत न्यायची तर यंत्र हवे आणि त्यावर काम खर्च करायला हवे. असे यंत्र म्हणजे उष्णता-पंप. आपल्या घरातला फ्रिज हा उष्णता-पंपच आहे. तो आतली उष्णता शेंदून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात ओततो. म्हणून जाळी गरम लागते.

यातली युक्ती दोन साध्या अनुभवांत सामावली आहे. हातावर स्पिरिट ओतले की ते उडून जाताना हात गार पडतो. द्रवाची वाफ होताना उष्णता शोषली जाते. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो. वायू दाबला की तापतो. पंपात सहज उकळणारा एक द्रव बंद नळ्यांतून फिरत असतो. थंड बाजूच्या वेटोळ्यात त्याची वाफ होते आणि तो उष्णता उचलतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो; ती तापते. गरम बाजूच्या वेटोळ्यात ती पुन्हा द्रव होते आणि उचललेली उष्णता, अधिक कॉम्प्रेसरने घातलेली ऊर्जा, तिथे सोडून देते. मग एका अरुंद छिद्रातून दाब उतरवून तो द्रव पुन्हा थंड बाजूला येतो. या फेऱ्याची दिशा उलटविणारी एक झडप बसविली की उन्हाळ्यात खोली गार करणारे यंत्रच हिवाळ्यात खोली उबदार करते. ही कल्पना लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ साली मांडली. गरम बाजूस किंवा थंड बाजूस हवेऐवजी जमीन वापरावी असे स्वित्झर्लंडच्या हाइनरिख झोली यांनी १९१२ च्या आपल्या पेटंटात सुचविले. अमेरिकेत पोर्टलंड शहरातील एक मोठी कचेरी-इमारत १९४८ मध्ये भूजलाच्या आधारे अशा पंपांवर चालू झाली.

जमिनीचा उपयोग नेमका कुठे होतो, ते आता पाहू. विहीर जितकी खोल तितके शेंदण्याचे श्रम अधिक. उष्णता-पंपाच्या बाबतीत दोन बाजूंच्या तापमानांतील फरक म्हणजे विहिरीची खोली. ग्वाल्हेरच्या दुपारी बाहेर ४४ अंश असताना साध्या वातानुकूलन यंत्राला आपली गरम बाजू सुमारे ५७ अंशांवर ठेवावी लागते, नाहीतर उष्णता बाहेरच्या हवेत जाणारच नाही. थंड बाजू १० अंशांवर. फरक ४७. कार्नोच्या नियमाप्रमाणे निर्दोष यंत्राची क्षमता म्हणजे थंड बाजूचे निरपेक्ष तापमान भागिले हा फरक. २८३ भागिले ४७, म्हणजे ६. आता हीच उष्णता जमिनीतल्या नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्यात सोडायची असेल, तर गरम बाजू ४० अंशांवर असली तरी भागते. फरक ३०, क्षमता सुमारे साडेनऊ. प्रत्यक्षातली यंत्रे याच्या निम्म्यापर्यंत पोचतात असे धरले तरी प्रमाण तेच राहते. एक टनाचे यंत्र, म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता काढणारे, हवेवर चालले तर सुमारे १.२ किलोवॉट वीज घेईल आणि जमिनीवर चालले तर ०.८. विजेची बचत एक-तृतीयांश. आणि तीही नेमकी त्या दुपारी, जेव्हा साऱ्या शहराची वीज ओढली जात असते.

हिवाळ्यात लाभ आणखी मोठा. दोन किलोवॉटचा तारेचा हीटर दोन किलोवॉट विजेतून दोनच किलोवॉट ऊब देतो. जमिनीच्या पंपाला तेवढ्याच उबेला अर्धा किलोवॉट पुरतो. उरलेले दीड जमिनीतून येते. ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात खालची जमीन आपल्याला हव्या त्या खोलीपेक्षाही उबदार असते, म्हणून पंपाची 'विहीर' तेव्हा फारच उथळ असते.

नळ्या पुरण्याच्या दोन पद्धती आहेत. अंगण मोठे असेल तर दीड-दोन मीटर खोल चर खणून त्यात प्लॅस्टिकच्या नळ्या आडव्या पसरतात. जागा लहान असेल तर बोअर मारतात. त्यात यू आकाराची नळी सोडून भोवतालची पोकळी विशिष्ट मातीच्या गाऱ्याने भरून काढतात. एक टनाला ढोबळ मानाने ५० ते ६० मीटर बोअर लागते. पाणी बंद नळीतच फिरते. भूजलाचा उपसा होत नाही. खडक असल्यास खणणे महाग पडते, पण खडक कोरड्या मातीपेक्षा उष्णतेचा कितीतरी चांगला वाहक असतो. ग्वाल्हेरचा किल्ला ज्या वालुकाश्माच्या डोंगरावर उभा आहे, तसला दगड या कामी उत्तम.

जमिनीचे खाते

इथवर वाचून एखादा उत्साही विद्यार्थी म्हणेल, मग लष्करातल्या प्रत्येक घरात हे यंत्र का बसवू नये? खर्च हे एक उत्तर आहेच. यंत्रापेक्षा बोअरचा खर्च मोठा. पण पैशांचा प्रश्न पुढेमागे सुटू शकतो. दुसरे उत्तर अधिक खोल आहे आणि ते गणिताने सोडवून पाहण्यासारखे आहे.

एका खोलीचा हिशेब करू. एक टनाचे यंत्र उन्हाळ्या-पावसाळ्यात १५० दिवस, रोज सरासरी ८ तास चालले. ते जमिनीत खोलीची साडेतीन आणि विजेची पाऊण-एक मिळून सुमारे ४.३ किलोवॉट उष्णता सोडते. वर्षाचे झाले सुमारे ५,१०० युनिट. हिवाळ्यात तीच खोली ६० दिवस, रोज ४ तास दोन किलोवॉटने उबदार केली, तर जमिनीतून परत काढले ३६० युनिट. म्हणजे जमिनीच्या खात्यात जमा पाच हजारांवर आणि खर्च साडेतीनशे.

ही शिल्लक जाते कुठे? एकटे-दुकटे घर असेल तर ती हळूहळू दूरवर पसरते आणि फारसे बिघडत नाही. पण गल्लीतल्या प्रत्येक घराने सहा-सहा मीटरांवर ६० मीटरची बोअर मारली असे समजा. प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे २,१६० घनमीटर जमीन आली. तेवढी जमीन एक अंशाने तापायला अंदाजे १,२०० युनिट पुरतात. बाजूला पसरायला वाव नाही, कारण बाजूचा शेजारीही तेच करीत आहे. मग वर्षाला चार अंशांच्या आसपास चढ. काही थोडी उष्णता वर-खाली निसटेल हे खरे. तरीही थोड्याच वर्षांत खालचे २६ अंश ४० होतील, आणि ज्या गारव्यासाठी एवढा खटाटोप केला तो गारवाच उरणार नाही.

आपल्या सीमाभागातल्या वाचकांना हे चित्र अनोळखी वाटू नये. एकाने बोअर मारली तेव्हा पाणी लागले. साऱ्या शिवाराने मारल्या तेव्हा सर्वांच्याच कोरड्या पडल्या. पाण्याच्या बाबतीत आपण पुनर्भरणाचा धडा उशिरा शिकलो. उष्णतेच्या बाबतीत तोच धडा आधीच शिकून ठेवता येईल. स्वीडनसारख्या देशात खाते उलट्या बाजूने कलते, कारण तिथे ऊब काढायची असते. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या बॉल स्टेट विद्यापीठाने २००९ पासून कोळशाचे बॉयलर काढून सुमारे ३,६०० बोअरांची योजना हाती घेतली. तिथे कडक हिवाळा आणि बऱ्यापैकी उन्हाळा दोन्ही असल्याने देणे-घेणे पुष्कळसे जुळते. ग्वाल्हेरला हिवाळा खरा, पण आखूड. आणि सोलापूर-विजापूरला तर तोही नाही.

म्हणून मोठ्या प्रमाणावर ही योजना करायची तर जमिनीतून उष्णता काढण्याची कामेही शोधावी लागतील. आंघोळीचे पाणी हे त्यांतले सर्वांत सोपे. शंभर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला हिवाळ्याचे चार महिने माणशी २० लिटर पाणी २० अंशांनी तापवून द्यायचे, तर जमिनीतून सुमारे ४,००० युनिट उष्णता निघते. म्हणजे शंभर जणांच्या कोमट आंघोळी केवळ एका खोलीच्या उन्हाळ्याची जवळजवळ बरोबरी करतात! एका घराला हे जमणार नाही. वसतिगृह, रुग्णालय, धर्मशाळा अशा संस्थांना जमेल. त्यांनाही थंड करावयाच्या खोल्या मोजक्याच ठेवाव्या लागतील, आणि हिवाळ्याच्या थंड रात्री नळ्यांतले पाणी उघड्यावर निववून जमिनीला थोडी थंडी परत द्यावी लागेल.

दुसरा उपाय म्हणजे मुळात मागणेच कमी ठेवणे. जाड भिंती, पश्चिमेला सावली, गच्चीवर पांढरा चुना, रात्री उघडणाऱ्या उंच खिडक्या. खोलीत निम्मीच उष्णता शिरली तर बोअरही निम्मीच लागते आणि खातेही निम्मेच कलते. जुन्या ग्वाल्हेरने यंत्राशिवाय जे साधले होते ते पाडून टाकून मग यंत्र आणणे हा उलटा व्यवहार होय.

आज लष्करच्या गल्ल्यांत काय दिसते? प्रत्येक भिंतीवर वातानुकूलन यंत्राची पेटी. प्रत्येक पेटी गल्लीत सुमारे पावणेपाच किलोवॉट उष्णता ओतते. वीस घरांची गल्ली धरली तर सत्तेचाळीस मोठे हीटर भर मे महिन्यात रस्त्यावर लावून ठेवल्यासारखे झाले. ज्याला यंत्र परवडते तो आत गार. ज्याला परवडत नाही तो, म्हणजे हातगाडीवाला, टांगेवाला, खिडकी उघडून झोपणारा भाडेकरू, दुसऱ्याच्या उष्णतेत होरपळतो. जमिनीचा पंप ही उष्णता गल्लीतून काढून पायाखाली नेतो हा त्याचा मोठा गुण आहे. पण पायाखालची जमीनही गल्लीइतकीच सर्वांची आहे. तिचे खाते एकेका घराने नव्हे, साऱ्या वस्तीने मिळून ठेवायला हवे.

आपल्याला करण्याजोगे

आपल्या महाविद्यालयाच्या आवारात किंवा गावात जुनी विहीर असतेच. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एक जाड काचेचा थर्मामीटर मेणात किंवा तेलाच्या बाटलीत बसवावा, म्हणजे वर काढताना त्याचा आकडा लगेच बदलणार नाही. तो दोरीने पाण्याच्या तळाशी अर्धा तास सोडावा. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, ठरावीक वेळी हा आकडा आणि बाहेरच्या हवेचा आकडा वहीत टिपावा. बारा महिन्यांनी दोन्ही रेषा एकाच आलेख-कागदावर काढाव्यात. एक रेषा डोंगर-दरीसारखी येईल, दुसरी जवळजवळ सपाट. सपाट रेषेतला किंचित उंचवटा कोणत्या महिन्यात येतो हेही पाहावे. त्यावरून लाटेला झालेला उशीर काढता येतो. ज्या आवारात पुढेमागे असे यंत्र बसेल तिथे आधीची दहा वर्षांची वही असणे ही लाखमोलाची गोष्ट ठरेल, कारण जमीन तापू लागली की नाही हे त्या वहीवाचून कोणालाच सांगता येणार नाही.

मी परत निघालो त्या दिवशी आत्याने सांगितले की तिचा मुलगा तहखाना भरून टाकून वर एक मजला चढविण्याच्या विचारात आहे; खाली ओल येते, सामान कुजते, आणि वरच्या खोलीत यंत्र घेतले की झाले. त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. मी हा सगळा हिशेब त्याला कागदावर मांडून दिला. त्याने तो नीट वाचला आणि विचारले, "पण शेजारचे काय करणार आहेत?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. तहखाना मात्र अजून आहे; गेल्या मे महिन्यातही दुपारी बाज तिथेच पडली होती, असे आत्याने पत्रात कळविले आहे.